वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे: सुधारणेची सुरुवात तज्ज्ञमतापासून व्हावी

प्रश्न असा आहे: वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यांची आजची पद्धत रुग्णाला वेळेत न्याय देत नाही आणि डॉक्टरलाही वर्षानुवर्षे टांगणीला लावते, तर ती सुधारण्यासाठी नेमके काय बदलावे? भरपाईवर कमाल मर्यादा घालावी, डॉक्टरांना ग्राहक संरक्षण कायद्यातून वगळावे, की या दाव्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण स्थापन करावे? महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि राज्य ग्राहक आयोगांपुढे मी अनेक वर्षे ही प्रकरणे चालवत आलो आहे, कधी रुग्णाच्या कुटुंबाकडून तर कधी डॉक्टरांकडून. त्या अनुभवावरून मला असे ठामपणे वाटते की हे तिन्ही उपाय मूळ दुखण्यापर्यंत पोचत नाहीत. उपचारात प्रत्यक्ष काय घडले, हे स्वतंत्र आणि जाणकार माणसांनी लवकर, लेखी आणि कारणांसह सांगावे अशी भरवशाची व्यवस्था आपल्याकडे नाही. विलंब, पोलिसात धाव, फुगवलेल्या मागण्या आणि भीतीपोटी केलेल्या तपासण्या यांतले बरेच काही या एका उणिवेतून येते.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल महाराष्ट्रातल्याच एका घटनेवर आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. मुलाला पुण्याला आणण्यात आले, तेथे भूल देण्याची प्राथमिक दक्षता न घेता हाड बसवण्यात आले आणि त्या धक्क्याने तो त्याच रात्री दगावला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरची काळजी तीन टप्प्यांवर तपासली जाईल असे सांगितले: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार करताना. ही कसोटी आजही तितकीच चोख आहे. मात्र घटनेपासून अंतिम निकालापर्यंत पंधरा वर्षे गेली होती.

त्यानंतर दिवाणी न्यायालयांच्या जोडीला ग्राहक मंच आले आणि मंचांचे आयोग झाले, पण वर्षे कमी झाली नाहीत. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली, ती मुख्यतः सामान्य माणसाला स्वस्तात आणि झटपट दाद मिळावी म्हणून. कोलकात्यात उपचार सुरू झालेल्या आणि मे १९९८ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात मृत्यू पावलेल्या अनुराधा साहा यांच्या प्रकरणात सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज असा आदेश झाला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये, म्हणजे पुन्हा पंधरा वर्षांनी. त्याच १९९८ सालातल्या बॉम्बे हॉस्पिटलमधील एका रुग्णाच्या मृत्यूविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये संपला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डॉक्टर आणि रुग्णालयाला दोषी धरले होते, तो आदेश रद्द झाला. तेवीस वर्षांनी निर्दोष ठरलेल्या डॉक्टरला त्या निकालाचा उपयोग काय आणि तेवढीच वर्षे वाट पाहून शेवटी हरलेल्या कुटुंबाला कायद्याविषयी काय वाटत असेल, हे दोन्ही प्रश्न मला सारखेच अस्वस्थ करतात. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तक्रार तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. वैद्यकीय तक्रार या मुदतीत निकाली निघणे दुर्मीळ आहे.

ही वर्षे कुठे जातात ते पाहिले पाहिजे, कारण सुधारणा तिथेच करायची आहे. तक्रार दाखल होते, लेखी म्हणणे तीस अधिक पंधरा दिवसांत द्यावेच लागते (ही मुदत वाढवता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे), दोन्ही बाजूंची पुराव्याची शपथपत्रे होतात, आणि मग कोणीतरी तज्ज्ञमत मागवण्याचा अर्ज देतो. आयोगाचे पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे जाते. तेथे कागद अपुरे आहेत म्हणून पत्रव्यवहार होतो, संबंधित शाखेचा प्राध्यापक बदलून जातो, स्मरणपत्रे निघतात, आणि बऱ्याच तारखांनंतर जे मत येते ते अनेकदा एका वाक्याचे असते: उपलब्ध कागदपत्रांचे अवलोकन केले असता संबंधित डॉक्टरांकडून निष्काळजीपणा झाल्याचे दिसून येत नाही. कधी ते उलट दिशेचे असते, तेवढेच त्रोटक. दोन्ही प्रकारच्या मतांनी वाद मिटत नाही, उलट तिथून खरा वाद सुरू होतो. ज्या मतात कारण दिलेले नाही त्याची उलटतपासणी कशी करायची आणि आयोगाने त्यावर विश्वास तरी कशाच्या आधारे ठेवायचा?

तज्ज्ञमत नेमके केव्हा लागते याविषयी कायद्याची वाटही सरळ राहिलेली नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फौजदारी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे असे सांगितले. २००९ च्या मार्टिन डिसूझा निकालाने ती अट ग्राहक मंचांनाही लावली आणि मत येईपर्यंत डॉक्टरला नोटीससुद्धा काढू नये असे ठरवले. पुढच्याच वर्षी किशन राव प्रकरणात न्यायालयाने ही अट मोठ्या पीठाच्या निकालाशी विसंगत असल्याचे सांगून बाजूला सारली: प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञ लागत नाही, प्रकरण गुंतागुंतीचे असेल तेव्हाच लागतो. तत्त्व म्हणून मला हा शेवटचा निकाल पटतो. पोटात कापसाचा बोळा राहिला किंवा उजव्याऐवजी डाव्या पायावर शस्त्रक्रिया झाली, तर प्राध्यापकाची साक्ष कशाला हवी? पण कोणते प्रकरण गुंतागुंतीचे, हे ठरवण्यावरच स्वतंत्र झुंज होते आणि तज्ज्ञमताचा अर्ज सुरुवातीला न होता मध्यावर किंवा शेवटी होतो, हा त्याचा व्यवहारातला परिणाम आहे.

चांगले तज्ज्ञमत कसे असते हे एका उदाहरणाने सांगतो. तालुक्याच्या गावातल्या प्रसूतिगृहात बाळंतपणानंतर गर्भाशय आकुंचन पावत नाही आणि रक्तस्राव सुरू होतो. ही गुंतागुंत उत्तम डॉक्टरच्या हातूनही होते, तेव्हा रक्तस्राव झाला एवढ्यावरून दोष ठरत नाही. दोष असलाच तर तो पुढच्या तासा-दीड तासात असतो. रक्तस्राव जास्त आहे हे कधी लक्षात आले, ऑक्सिटोसिन या गर्भाशय आकुंचन करणाऱ्या औषधानंतर दुसरे औषध किती वाजता दिले, नाडी आणि रक्तदाबाच्या नोंदी किती मिनिटांच्या अंतराने आहेत, रक्ताची मागणी कधी गेली, जिल्ह्याच्या ठिकाणी हलवण्याचा निर्णय कधी झाला आणि रुग्णवाहिका प्रत्यक्षात कधी निघाली, हे सात-आठ वेळांचे आकडे समोर मांडले की निम्मे उत्तर मिळते. असे एक प्रकरण मी पाहिले आहे, ज्यात इनडोअर पेपरवर, म्हणजे दाखल रुग्णाच्या नोंदपत्रावर, दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब लिहिलेला होता, सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओघात, आणि रक्ताची मागणी सव्वासात वाजता पाठवल्याची नोंद होती. रक्तपेढीच्या नोंदवहीत मात्र मागणीपत्र नऊ वाजता आल्याचे लिहिलेले होते. पावणेदोन तासांची ही तफावत कुटुंबाच्या वकिलाने शोधली. ज्यांच्याकडे मत मागितले होते त्यांनी रक्तपेढीची नोंदवही मागवलीच नव्हती. याच्या उलट प्रकरणेही असतात, जिथे घड्याळाप्रमाणे नोंदी लावल्यावर डॉक्टरने हातात होते ते सगळे वेळेत केले असे दिसते, आणि कुटुंबाला ते कोणी पहिल्या महिन्यातच समजावून सांगितले असते तर ते आयोगाची पायरी चढले नसते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की तज्ज्ञमताचा नमुना आणि कार्यपद्धती नियमांनी बांधून द्यावी. प्रत्येक महसूल विभागासाठी शाखानिहाय तज्ज्ञांची यादी असावी, आणि एका प्रकरणासाठी तीन जणांचे मंडळ नेमावे: दोन त्या शाखेतले, ज्यातला एक खासगी व्यवसाय करणारा असावा आणि तोही घटना घडली त्या जिल्ह्याबाहेरचा, तर तिसरा दुसऱ्या संबंधित शाखेतला, बहुधा भूलतज्ज्ञ किंवा न्यायवैद्यक शाखेचा. एकाच गावात, एकाच संघटनेच्या व्यासपीठावर बसणाऱ्या डॉक्टरने शेजाऱ्याविरुद्ध लिहावे ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. मंडळाने आधी घटनाक्रम वेळेसह मांडावा, मग त्या प्रसंगी त्या दर्जाच्या रुग्णालयात काय अपेक्षित होते ते सांगावे, मग फरक पडला असल्यास तो इजेला किंवा मृत्यूला कारण ठरला का, हे वेगळे सांगावे. आजच्या मतांमध्ये हे तिसरे उत्तर हमखास गाळले जाते, आणि भरपाईचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो. सदस्यांमध्ये मतभेद असेल तर तो लपवू नये. मतासाठी मानधन द्यावे आणि नव्वद दिवसांची मुदत घालावी. दोन्ही बाजूंना लेखी प्रश्नावली पाठवण्याचा हक्क असावा, म्हणजे प्राध्यापकांना दिवसभर आयोगाच्या बाकावर ताटकळावे लागणार नाही.

आणि हे मत तक्रार दाखल झाल्यावर नव्हे, तर तिच्याआधीही मिळवता आले पाहिजे. कुटुंबाने किंवा डॉक्टरने, कोणीही अर्ज करावा. आज खासगी तज्ज्ञाचे मत विकत घेणे ज्याला परवडते तोच तयारीने आयोगापुढे येतो, आणि इस्लामपूरच्या किंवा हिंगोलीच्या शेतकऱ्याला मुंबईचा तज्ज्ञ कुठे सापडणार? असे मत कोणालाही बंधनकारक नसावे, पण पुराव्यात ग्राह्य असावे. निकाल देण्याचे काम आयोगाचेच राहील. बहुसंख्य डॉक्टर असेच करतात एवढे म्हणून भागू नये, तसे करण्यामागचा तर्क टिकतो का हेही तपासले जावे. डॉक्टरांनी डॉक्टरांना तपासले तर ते एकमेकांना सांभाळून घेतील, ही शंका मला नेहमी ऐकू येते आणि ती निराधार नाही. तिचा इलाज कारणे लिहायला लावण्यात आहे, कारण विधान खोटे लिहिणे सोपे असते, पण घड्याळाच्या वेळांवर उभा राहिलेला खोटा युक्तिवाद उघडा पडतो.

मंडळ कितीही चांगले नेमले तरी ते कागदांवर अवलंबून राहणार, आणि आपली दुसरी दुखरी जागा तिथे आहे. रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्क आहे हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे, आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम आहे. तरीही कुटुंबाच्या हाती पहिल्यांदा पडते ते डिस्चार्ज कार्ड आणि बिल. भूल दिल्याचा तक्ता, शस्त्रक्रियेची टिपणे, परिचारिकांच्या नोंदी आणि औषधांचा तक्ता मागितल्यावर वकिलाचे पत्र आणा, पोलिसांचे पत्र आणा, असे उत्तर मिळते. माझ्या अनुभवात, कागद देण्यास झालेली टाळाटाळ जेवढा संशय निर्माण करते तेवढा संशय मूळ घटना क्वचितच करते. मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास चोवीस तासांत संपूर्ण केस पेपरची पाने क्रमांकित करून, प्रत्येक पानावर सही-शिक्का घेऊन एक प्रत कुटुंबाला द्यावी आणि एक लखोटाबंद ठेवावी, असा साधा नियम केल्यास नंतर नोंदी बदलल्याचा आरोप आणि प्रत्यक्ष बदल, दोन्हींना आळा बसेल. डॉक्टरांच्या बाजूने उभे राहतानाही मी हाच सल्ला देतो.

कागद सांभाळण्याच्या मुदतीतही विसंगती आहे. २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे ठेवायचे असतात. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या मुलाला मात्र सज्ञान झाल्यानंतर तीन वर्षांपर्यंत दिवाणी दावा करता येतो. दावा करण्याचा हक्क असेल पण पुरावा कायदेशीररीत्या रद्दीत गेलेला असेल, अशी ही रचना आहे. प्रसूती आणि नवजात बालकांचे कागद किमान एकवीस वर्षे, तेही डिजिटल स्वरूपात, ठेवण्याची तरतूद करायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

फौजदारी कारवाईबद्दल मी अधिक कठोरपणे बोलू इच्छितो, कारण तेथे दोन्ही बाजूंची माणसे उद्ध्वस्त होताना पाहिली आहेत. मार्च २०२२ मध्ये राजस्थानच्या दौसा जिल्ह्यात प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री दगावली, डॉक्टरवर थेट खुनाचे कलम लावले गेले आणि त्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरने आत्महत्या केली. महाराष्ट्रातही २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या डॉक्टर दांपत्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हा राज्यभरातल्या डॉक्टरांमध्ये अस्वस्थता पसरली होती. जेकब मॅथ्यू निकालाने घालून दिलेली चौकट स्पष्ट आहे: निष्काळजीपणा ढळढळीत आणि गंभीर असला पाहिजे, तपासी अधिकाऱ्याने शक्यतो शासकीय सेवेतील त्या शाखेच्या डॉक्टरचे निःपक्ष मत घ्यावे, आणि केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये. त्याच निकालात केंद्र आणि राज्य सरकारांनी या संदर्भात वैधानिक नियम करावेत असे सांगितले होते. वीस वर्षे उलटून गेली तरी देशभर लागू होतील असे वैधानिक नियम झालेले नाहीत, राज्याराज्यांची परिपत्रके आणि समित्या यांवर काम चालले आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने १ जुलै २०२४ पासून इतरांसाठी शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली आणि नोंदणीकृत डॉक्टरांसाठी ती दोन वर्षांपर्यंत ठेवली. याला सवलत म्हटले गेले, पण जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात केवळ दंडावर सुटका होऊ शकत होती. ती शक्यता नव्या कलमात उरलेली नाही, हे फार थोड्या डॉक्टरांना ठाऊक आहे.

मात्र कुटुंबे पोलीस ठाण्यात का जातात, हे समजून घेतल्याशिवाय ही वाट बंद होणार नाही. त्यांना डॉक्टरला तुरुंगात पाठवायचे असते असे नेहमीच नसते. पोलिसात गेल्यावर शवविच्छेदन होते, केस पेपर जप्त होतात, सरकारी समितीचे मत फुकट मिळते आणि रुग्णालय बोलायला तयार होते. दिवाणी किंवा ग्राहक मार्गाने या चार गोष्टी मिळायला वर्षे लागतात, म्हणून माणसे फौजदारी मार्ग धरतात. वर सांगितलेले मंडळ आणि चोवीस तासांत कागद, एवढे झाले तरी पोलीस ठाण्याकडे जाणारा मोठा ओघ आपोआप ओसरेल, असा माझा विश्वास आहे. दारूच्या नशेत शस्त्रक्रिया करणे, पात्रता नसताना भूल देणे, रुग्ण टेबलावर सोडून निघून जाणे यांसाठी फौजदारी कायदा राहिलाच पाहिजे.

आता ग्राहक कायद्यातून वगळण्याची मागणी. २०१९ च्या कायद्यातील सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवा हा शब्द नाही, यावरून डॉक्टर बाहेर पडले असा दावा मुंबई उच्च न्यायालयात झाला. तो २०२१ मध्ये फेटाळला गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मे २०२४ मध्ये वकिलांना या कायद्यातून वगळताना न्यायालयाने शांता निकालाचा फेरविचार व्हावा असे म्हटले, आणि त्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नसल्याचे सांगितले. मी स्वतः वकील आहे, आणि माझा व्यवसाय वगळला जावा पण डॉक्टरांचा नाही, याबद्दल डॉक्टर मित्र मला जाब विचारतात. त्यांचा तो प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर डॉक्टरांनाही वगळणे हे नाही, कारण ग्राहक आयोग गेला तर गरीब कुटुंबापुढे न्यायालय शुल्क भरून चालवायचा दिवाणी दावा आणि पोलीस ठाणे हेच दोन दरवाजे उरतील, आणि ते कोणता निवडतील हे सांगायला नको.

ग्राहक कायद्याचे खरे अपुरेपण वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात तेथील रुग्ण शांता निकालानुसार ग्राहक ठरत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पूर्णपणे मोफत असलेल्या ग्रामीण रुग्णालयात जी बाई दगावते तिच्या घरच्यांना आयोगाचे दार बंद आहे. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत एका बाळंतिणीच्या पोटात बोळा राहिला आणि काही दिवसांत ती मरण पावली. खालच्या न्यायालयाने दिलेली छत्तीस हजारांची भरपाई उच्च न्यायालयाने काढून घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली फेब्रुवारी १९९६ मध्ये. खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात बोळा आत राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा मानला गेला आणि सरकार जबाबदार ठरले. जिथे तथ्यांबद्दल शंकेला जागाच नव्हती, तिथेही बत्तीस वर्षे लागली.

अशा प्रकरणांसाठी दोष सिद्ध न करता भरपाई देणारी योजनाच योग्य आहे असे माझे मत बनले आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघाती इजेची भरपाई सार्वजनिक निधीतून मिळते, त्या बदल्यात न्यायालयात भरपाईचा दावा करण्याचा हक्क सोडावा लागतो, आणि २००५ पासून उपचारातील इजेसाठी डॉक्टरची चूक दाखवण्याची अटही काढून टाकली आहे. एवढी व्यापक व्यवस्था आपल्याला आज पेलणार नाही. जपानचा मार्ग मात्र पेलण्यासारखा आहे. तेथे २००९ पासून प्रसूतीशी संबंधित मेंदूच्या पक्षाघातासाठी (सेरेब्रल पाल्सी) तीन कोटी येनपर्यंतची रक्कम हप्त्यांनी मिळते, आणि प्रत्येक प्रकरणात काय घडले याचा अहवाल तज्ज्ञ तयार करून कुटुंब आणि रुग्णालय दोघांना देतात. पैसे आणि खुलासा या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे हे त्या योजनेचे बळ आहे. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही, कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेतील मृत्यू, गुंतागुंत आणि अपयश यांसाठी केंद्राची भरपाई योजना २००५ पासून चालू आहे. तिचा विस्तार करून राज्यातील सर्व प्रसूती, सरकारी आणि खासगी, तिच्या छत्राखाली आणाव्यात, आणि खासगी प्रसूतिगृहांनी आज भरत असलेल्या विम्याच्या हप्त्यातला एक भाग त्या निधीत वळवावा. सुरुवात प्रसूतीपासूनच करावी, कारण तिथे कुटुंब आनंदाच्या अपेक्षेने आलेले असते आणि तिथला धक्का सर्वांत अनपेक्षित असतो.

भरपाईवर मर्यादा घालण्याविषयी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये वेदना आणि मानसिक हानीच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली आणि ती २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत तशीच राहिली, महागाईने तिचे मोल आटत गेले तरी. आर्थिक नुकसानीवर मर्यादा नव्हती. त्यामुळे कमावत्या माणसाच्या दाव्याला धक्का लागला नाही. लहान मूल, गृहिणी आणि निवृत्त माणूस यांच्या दाव्यांना लागला. आपल्याकडे तोच अन्याय दुप्पट होईल. डॉक्टरांना मोठ्या आकड्यांची भीती वाटते हे खरे, पण त्यावर उपाय भरपाई मोजण्याची स्पष्ट सूत्रे आणि प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयाला सक्तीचा दायित्व विमा हा आहे. आज तक्रारीचे शुल्क आणि आयोगाची अधिकारकक्षा मागितलेल्या भरपाईवर नाही तर उपचारासाठी दिलेल्या रकमेवर ठरते, पाच लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क शून्य आहे. गरिबासाठी ते चांगलेच आहे, पण त्यामुळे कोटींची मागणी लिहायला काहीच लागत नाही, आणि तो आकडा वाचून डॉक्टर समेटाचा विचारच सोडून देतो. सूत्रे ठरलेली असली की असे आकडे लिहिले जाणार नाहीत.

समेटाचा विषय निघाला म्हणून एका नियमाकडे लक्ष वेधतो. ग्राहक संरक्षण (मध्यस्थी) नियम २०२० नुसार, ज्या वैद्यकीय प्रकरणात मृत्यू किंवा गंभीर इजा झाली आहे ते मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. दबावाखाली स्वस्तात तडजोड होऊ नये, हा यामागचा हेतू मला समजतो. पण ज्या प्रकरणांत समोरासमोर बसून बोलण्याची सर्वांत जास्त गरज असते, तीच यातून वगळली गेली आहेत. मंडळाचे मत हाती आल्यानंतर, दोन्ही बाजूंना वकील असताना आणि अंतिम तडजोड आयोगाने तपासून मान्य करायची या अटीवर ही बंदी उठवावी. त्याच्या जोडीला एक छोटी तरतूद हवी: डॉक्टरने कुटुंबाला दिलेला खुलासा किंवा व्यक्त केलेली दिलगिरी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. आज विमा कंपनी आणि वकील डॉक्टरला पहिल्या दिवशी तोंड बंद ठेवायला सांगतात, आणि ज्या माणसाने नऊ महिने आपल्या सुनेला तपासले तो आता समोरून तोंड फिरवून जातो, हे कुटुंबाला असह्य होते.

शेवटचा मुद्दा वैद्यक परिषदेचा. भरपाई आयोगाकडे आणि परवाना परिषदेकडे, ही विभागणी योग्य आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तक्रार सहा महिन्यांत निकाली काढावी असा नियम आहे. पण तक्रार फेटाळली गेली तर रुग्णाने कुठे जावे? २००२ च्या नियमावलीतील तरतुदीने कोणत्याही बाधित व्यक्तीला भारतीय वैद्यक परिषदेकडे अपील करता येत असे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क फक्त डॉक्टरचा उरला आहे. तज्ज्ञमताचा नमुना आणि कागदांची चोवीस तासांची मुदत राज्य सरकार आपल्या अखत्यारीत आजही लागू करू शकते. हे कलम मात्र संसदेलाच दुरुस्त करावे लागेल, आणि त्यात रुग्ण किंवा त्याचे वारस एवढे शब्द घातले तरी पुरेसे होईल.